काजळीची करंगळी

तिला सगळे शाईवाली म्हणत. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव तिला होतंच, पण ज्या बाईची उजव्या हाताची बोटं बारा महिने काळी, तिला दुसऱ्या नावाने हाक मारायला लोकांची जीभ वळत नसे. साबण झाला, लिंबू झालं, राख झाली, बोटं आपली तशीच. कोपऱ्यावरची पाववाली तिला पाव देताना कागदाला जास्तीची घडी घालायची.

"अगं, वाळलेली शाई आहे. पावाला लागत नाही," शाईवाली म्हणायची.

"पावाचं नाही हो, मी माझ्या हाताचं बघते," असं पाववाली म्हणायची आणि दोघी हसायच्या. विनोद रोजचाच. पण एकट्या बाईने रोजच्या विनोदाला रोज हसावं, नाहीतर उद्या तोही कोणी करत नाही.

टायर दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली होती. खालून रबर जळल्याचा वास, वर शाईचा वास, आणि मधल्या जिन्यात दोन्हींचं भांडण. त्या खोलीतून मुलांचं चित्रकथांचं साप्ताहिक निघायचं. मालक गोष्ट रचायचे, मास्तर पेन्सिलीने चौकटीत चित्रं काढायचे, आणि त्या पेन्सिलीवरून शाई फिरवायचं काम शाईवालीचं. मास्तरांना काळं भरायचा भारी कंटाळा. जिथे गडद काळोख हवा, तिथे ते बारीकशी फुली मारून ठेवायचे. फुली दिसली की शाईवालीने जाड ब्रश बुडवायचा आणि ती जागा काळी करून टाकायची. का, कशाला, हे विचारायचं नाही.

"बाई, डोकं मी चालवतो, तुम्ही ब्रश चालवा," मास्तर म्हणायचे.

"आणि मालक काय चालवतात?"

"तोंड."

पडद्याआडून मालक खाकरायचे, आणि काम पुढे सुरू.

शाईवाली या कामाला लागली ती काही हौसेने नव्हे. तिचं लग्न ठरलं होतं. आई मागेच गेलेली, आईच्या सोन्याच्या बांगड्या आणि गळ्यातलं एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं, थोरलीच्या लग्नासाठी म्हणून. लग्न तोंडावर आलं आणि एका दुपारी धाकटी बहीण तो डबा घेऊन निघून गेली. कोणाबरोबर गेली म्हणावं, तर कोणाबरोबरच नाही. एकटीच. गल्लीतल्या लोकांनी चार दिवस एखादा पुरुष शोधून पाहिला, सापडला नाही, तेव्हा त्यांचीच निराशा झाली. नवऱ्याकडच्यांनी निरोप पाठवला की एका झाडाला एक फळ किडकं निघालं, तर दुसऱ्याची खात्री कोणी द्यावी. लग्न मोडलं. बापाने बोलणं सोडलं, मग जेवण, मग सगळंच. मागे राहिली थोरली, भिंतीवरचं बापाचं टोल्याचं घड्याळ, आणि एक प्रश्न. का गं केलंस असं? तो प्रश्न तिला धाकटीच्या तोंडावर विचारायचा होता. जन्मात दुसरं काही मागणं तिने ठेवलं नाही.

आता काजळीची गोष्ट. साप्ताहिकाचा खरा नायक एक फौजदार होता. छाती दाराएवढी, आणि मिशी अशी की वादळात घरं उडाली तरी तिचा केस हलत नसे. त्याला पकडायला दर आठवड्याला एक चोर लागायचा. एकदा मालकांनी बदल म्हणून बाई-चोर आणली. मोलकरीण बनून न्यायाधीशाच्या घरात शिरते, हिरे पळवते, छपरावरून पळताना तोल जाऊन खाली पडते आणि मरते. खिडकीच्या चौकटीवर तिच्या बोटांचे काळे डाग राहतात, म्हणून नाव काजळी. दोन पानांचं आयुष्य बिचारीचं.

मास्तरांनी काढलेल्या सगळ्या बायका उकडलेल्या बटाट्यासारख्या दिसत. नाकडोळे शाईतच यायचे, म्हणजे शाईवालीच्या हातून. तिने काजळीला धाकटीचा चेहरा दिला. प्रेमाने नाही हो. चांगला दात-ओठ खाऊन दिला. तीच रुंद कपाळपट्टी, तेच एक भुवई वर चढवून बघणं. डाव्या हाताची करंगळीसुद्धा तशीच, मधल्या पेरापासून बाहेर वळलेली. धाकटी लहान असताना ती करंगळी दारात चेमटली होती. दार कोणी लोटलं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्याबद्दल कोणी कधी बोललं नाही.

मर मेले एकदाची, असं मनात म्हणत ती शेवटच्या चौकटीपर्यंत आली. वर छपराची कड, खाली अंधार, आणि मास्तरांची फुली सगळ्या अंधारावर, कडेला घासत खाली जाणाऱ्या हातासकट. शाईवालीने खालून भरत आणलं. पाय गेले, झगा गेला, केस गेले, मनगट गेलं. बोटांपाशी ब्रश थांबला. तिने तो पुन्हा बुडवला, पुन्हा आणला, पुन्हा थांबला. शेवटी छपराच्या कडेला चार बोटं पांढरीच राहिली, आणि त्यातली करंगळी वाकडी.

मास्तरांनी पान उजेडात धरलं. "बाई, फुली दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

"शाई संपली."

बाटली टेबलावर होती. गळ्यापर्यंत भरलेली. मास्तरांनी बाटलीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. "संपते कधीकधी," ते म्हणाले आणि पान छपाईला पाठवून दिलं.

पुढच्या आठवड्यात पोरांची पत्रं आली. पडली की लटकली आहे? लटकली असेल तर वर कशी येणार? फौजदाराबद्दल एका पोराने अक्षर लिहिलं नव्हतं. मालक धंद्याचे पक्के. त्यांनी काजळीला वर ओढून घेतलं.

मग ती मोठी होत गेली, आणि चोर वाढला की लोक त्याला चिकटवायला कारणं शोधतात, तसं तिचंही झालं. सुरुवातीला काजळी कोणाचंही चोरायची. एकदा तिने आंधळ्या म्हाताऱ्याची काठी पळवली होती आणि पोरं खूश होती. पण पोरांचे आईबाप चिडले, म्हणून मालकांनी तिला तत्त्व दिलं. आता फक्त श्रीमंतांकडे चोरी. श्रीमंत म्हणजे ज्याच्या पोटावर मास्तरांनी कोटाची बटणं ताणून काढली तो. मग तत्त्व पुरेना, म्हणून एक आजारी भाऊ दिला. भाऊ बरा करायचं मालक विसरले आणि वर्षभराने पोरांनी विचारलं तेव्हा तो परदेशी गेल्याचं कळलं. मग तोंडावर फडकं आलं, कमरेला पट्टा आला, फौजदाराचं मन तिच्यावर बसलं. मिशी तेव्हाही हलली नाही.

दरवेळी नवं कारण लागलं की मालक खोलीभर फेऱ्या मारत विचारायचे, "ही बाई चोरी का करते हो? काहीतरी सांगा."

"तिलाच विचारा," शाईवाली खाली मान घालून म्हणायची. तिला टोमणा मारायचा नसायचा. तिला खरंच तसं वाटायचं.

मालक काजळीला जितकं धुऊन काढत, तितकी शाईवाली एका जागी हट्ट धरून बसायची. काजळीच्या ओठांच्या कोपऱ्यात ती एक लहानशी रेघ ओढायची. पेन्सिलीत ती नसायची. चोरी करताना ती रेघ हसल्यासारखी दिसे आणि कोणाला मदत करताना लबाडी केल्यासारखी. मालक म्हणत, ही रेघ काढा, पोरगी साध्वी वाटू द्या. ती हो म्हणे आणि पुढच्या पानावर पुन्हा ओढे. धाकटी काही साध्वी नव्हती आणि राक्षसही नव्हती. ती वाटेत सापडलेलं मांजराचं पिल्लू घरी आणायची, आणि त्याला पाजायला शेजारणीचं दूध चोरायची. आता हे चांगलं की वाईट, ज्याला सांगता येईल त्याने सांगावं.

काजळी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या छपरावरून निसटत होती. तोवर धाकटीही कुठेतरी निसटत असणार, जिवंत असणार, असं शाईवालीने मनाशी धरून ठेवलं होतं. वेडगळपणा खरा. पण माणसं याहून कच्च्या दोऱ्याला लोंबकळून दिवस काढतात.

वर्षं गेली. मास्तरांचा हात थरथरू लागला, शाईवालीच्या डोळ्यांपुढे दिव्याच्या उजेडात माश्या नाचू लागल्या, आणि पोरांनी चित्रकथा वाचणं सोडलं. मालकांनी सांगून टाकलं की साप्ताहिक बंद. पण पुढे ते शाळेच्या पाटीपुस्तकांची चित्रं छापणार होते, त्यात शाईवालीला काम द्यायचं कबूल केलं. शेवटच्या अंकात काजळी मरणार होती.

"पण चांगली होऊन मरेल," मालक म्हणाले. "जळत्या घरातून एका पोराला वाचवते, सगळ्यांची माफी मागते आणि छपरावरून पडते. लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं पाहिजे."

"माफी कसली मागते?" शाईवालीने विचारलं.

"म्हणजे काय? चोऱ्यांची."

"तिने कधी मागितली नसती."

"बाई, ती माझी आहे. मी सांगेन ते मागेल."

त्याच आठवड्यात धाकटी आली. शाईवाली काम संपवून जिना उतरत होती, तर टायरांच्या थप्पीवर एक वाळकी, पिकलेल्या केसांची बाई बसलेली. हातात शेंगदाण्यांची पुडी. शेंगदाणे संपले होते, पण पुडी तिने उलगडून मांडीवर सारखी केली होती. जुन्या अंकाचं पान होतं ते.

"हे बोट माझं आहे," ती बाई म्हणाली आणि डावा हात वर धरला.

शाईवालीने कठडा पकडला. एवढी वर्षं जपून ठेवलेला प्रश्न घशापर्यंत आला आणि बाहेर पडलं ते भलतंच. "जेवलीस का?"

"शेंगदाणे खाल्ले."

"चल मग."

शाईवालीची एकच खोली. खिडकीपाशी उतरतं टेबल, एक पलंग, स्टोव्ह, भिंतीवर बापाचं घड्याळ. धाकटीने दारातूनच पाहिलं. "हे अजून चालतं?"

"पंधरा मिनिटं मागे पडतं. मी रोज पुढे करते."

"बाबाही करायचे."

धाकटी राहिली. तिला खोकला होता, छातीच्या तळातून येणारा, बादली विहिरीत आपटल्यासारखा. कुठे होतीस, काय केलंस, असं विचारलं की "होते इकडे तिकडे," एवढंच. ती बटाटे सोलायची, थोरलीचे ब्रश धुवायची, ब्रशची टोकं ओठांत धरून अणकुचीदार करायची आणि दिवसभर पलंगाखालचे जुने अंक वाचायची. वाचून झालं की पोटभर हसायची आणि मग पोटभर खोकायची.

"ताई, तुझ्या बाईला दरवेळी कारण असतं बघ. भाऊ काय, गरीब काय. बरं आहे तिचं."

तेव्हा शाईवालीने सोलायचा बटाटा खाली ठेवला. "तुझं काय होतं?"

"काय?"

"कारण. डबा का नेलास?"

धाकटीने अंक मिटला. करंगळीचं वाकडं पेर चोळलं. "हवा होता म्हणून नेला."

"एवढंच?"

"एवढंच. आता काय, माझाही भाऊ आजारी होता म्हणू?"

"माझं लग्न मोडलं तुझ्यापायी!"

"त्या माणसाशी? ताई, तो बोलताना डोळे मिटून घ्यायचा. तू चहा दिलास तेव्हा तुला बघितलंसुद्धा नव्हतं त्याने."

शाईवालीला रागाने बोलायचं होतं आणि आलं हसू. मिटलेले डोळे तिला लख्ख आठवले. दोघी हसल्या. मग हसू ओसरलं. हवा होता म्हणून. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते उत्तर हे एवढंसं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तरी तक्रार कुठे नेणार? ती परत बटाटे सोलायला लागली. साल जाड निघत होती.

शेवटचं पान तिने रविवारी घरी आणलं, कारण आता तिला खिडकीच्या उजेडातच दिसायचं. मास्तरांनी थरथरत्या हाताने काढलेलं जळतं घर, छपराची कड, खाली अंधार. अंधारावर भलीमोठी फुली, आणि कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं, "बाई, या वेळी शाई संपू देऊ नका." पुढे सही नव्हती, पण त्याखाली त्यांनी बटाट्यासारखा एक चेहरा काढला होता, रडका.

धाकटी खांद्यावरून बघत उभी राहिली. शाईवालीने खालून भरत आणलं. पाय, झगा, केस, मनगट.

"बोटंपण?"

"फुली आहे."

"तुझं आपलं फुली की फुली. मी गेले त्या दिवशीही तू मारून मोकळी झाली असशील."

"झाले होते," शाईवाली म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून मला पाटीपुस्तकांचं काम मिळायचंय. मालकांच्या वाकड्यात जाऊन चालायचं नाही मला."

"मी कुठे काय म्हणते? भर."

शाईवालीने बोटं भरली. करंगळी सर्वांत शेवटी. हात हलला नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं. पान सुकायला दोरीवर चिमट्यांनी लावलं. धाकटीने त्या दिवशी ब्रश दोनदा धुतले. खोकली मात्र कमी.

सकाळी शाईवाली दूध आणायला खाली उतरली. परत आली तर दार ओढून घेतलेलं, पलंगावरची चादर नीट घातलेली. धाकटीच्या हातून ती कधी नीट घातली जात नसे. ब्रश धुऊन टेबलावर ओळीने मांडलेले. दोरीवर चिमटे होते, पान नव्हतं. आणि भिंतीवर खिळा होता, खिळ्याखाली घड्याळाच्या आकाराचा पांढरा चट्टा. घड्याळ नव्हतं.

शाईवाली दुधाचं भांडं धरून उभी राहिली. नुसतं पान नेलं असतं, तर काही बोलायलाच नको होतं. बहिणीने स्वतःला मरू दिलं नाही, थोरलीच्या हातून झालेलं तडीला जाऊ दिलं नाही, असं म्हणून तिने जन्मभर ऊर भरून घेतला असता. नुसतं घड्याळ नेलं असतं, तरी सोपं होतं. सुंभ जळला, पीळ गेला नाही, म्हणून दार लावून घेतलं असतं. पण तिने दोन्ही नेलं. घड्याळ गुंडाळायला कागद हवा म्हणून पान नेलं, की पान नेताना हात रिकामा कशाला म्हणून घड्याळ? हे धाकटीच जाणे. कदाचित धाकटीलाही ठाऊक नसेल.

मालक संतापाने लाल झाले. छपाई दुपारी सुरू व्हायची होती. मास्तरांकडून तेवढ्या वेळात नवं पान होणं शक्य नव्हतं.

"पान गेलं कुठे?"

"शाई सांडली," शाईवाली म्हणाली. "सगळ्यावर. फाडून टाकलं."

"इतक्या वर्षांत कधी थेंब सांडला नाहीत!"

मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. "एकदा संपली होती," ते म्हणाले. "एकदा सांडली. शाईच ती."

अंक शेवटच्या पानाशिवाय निघाला. त्या जागी दंतमंजनाची जाहिरात होती. त्याच्या आधीच्या चौकटीत काजळी जळत्या छपराच्या कडेवर उभी, मागे वळून बघणारी, ओठाच्या कोपऱ्यात ती रेघ. माफी पुढच्या पानावर होती, ती गेलीच. पाटीपुस्तकांचं काम मालकांनी दुसऱ्या कोणाला दिलं. ज्या बाईच्या हातून शाई सांडते तिच्या भरवशावर शाळा कशी चालवणार, असं म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

घरमालकिणीने भिंत पाहून विचारलं, "घड्याळ कुठे गेलं हो?"

"दुरुस्तीला दिलंय."

"आणि बहीण?"

"तीच घेऊन गेली दुरुस्तीला."

खोटं बोलायला शाईवालीला पूर्वी जड जायचं. आता सरावाने जमू लागलं. हाताला काम नव्हतं, तरी बोटं काळीच राहिली. इतकी मुरलेली शाई काही कामाबरोबर जात नाही. पाववाली कागदाला अजून जास्तीची घडी घालत होती. तिला कळलं होतं की बाई आता शाईचं काम करत नाहीत, पण विनोद मोडायला नको म्हणून घालत होती. वेळ कळायला शाईवाली लांबच्या कारखान्याच्या भोंग्यावर कान ठेवायची, आणि उगाचच पंधरा मिनिटं पुढे मोजायची.

थंडी उतरायच्या सुमाराला घरमालकिणीची नात जिन्यात तिची वाट अडवून उभी राहिली. हातात तो शेवटचा अंक, कुठल्या तरी रद्दीतून काढलेला, कोपरे कुरतडलेले.

"आजी, तुम्ही काढायचात ना ही?"

"मी नाही गं. मी नुसती शाई भरायचे."

"मग सांगा ना. इथे ती उभीच आहे. पुढचं पानच नाही. काजळी मेली का?"

शाईवालीने अंक हातात घेतला. डोळ्यांना आता नीट दिसत नव्हतं, तिने अंगठ्यानेच काजळीचा हात शोधला. तोल सावरायला पसरलेला डावा हात, आणि वाकडी करंगळी.

"नाही मेली," ती म्हणाली. "घड्याळ घेऊन गेली."

"कोणाचं घड्याळ?"

"होतं एक. मागे पडणारं."

"पण का नेलं?"

शाईवालीने अंक मिटून पोरीच्या हातात दिला आणि कठडा धरून एक पायरी चढली, मग दुसरी.

"हवं होतं तिला," ती म्हणाली.